अप्पा, रोजंदारीच आहे, पण पूर्ण ऐका

मोंटाना, फेब्रुवारी २०२६

ती. अप्पा आणि आई,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर अप्पा तुम्ही म्हणालात, एवढी शिकून शेवटी रोजंदारीवर आलीस का, आणि फोन आईच्या हातात देऊन सरळ गॅलरीत निघून गेलात. फोनवर मी काहीही सांगायला गेले की अर्धं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं आई मधेच "जेवलीस का" म्हणून तोडते, त्यामुळे आज निवांत बसून टाईप करतेय. दादा, प्रिंट मोठ्या अक्षरात काढ रे, अप्पांना बारीक दिसत नाही आणि ते कबूल पण करणार नाहीत.

तर हो, रोजंदारीच आहे. तुमच्या पाटबंधारे खात्यात हजेरीपटावर मजूर असायचे ना, तसंच. जितके तास काम तितके पैसे, काम नाही तर काही नाही, भरपगारी रजा नाही, पेन्शन नाही. डॉक्टरांमध्ये याला लोकम म्हणतात, आपल्या कराडचे डॉक्टर चारधामला गेले की दवाखान्यात दुसरा कोणीतरी बसायचा बघा, तेच, फक्त इथे तो मोठा धंदा आहे, मधे एजन्सी असतात, करार असतात. फरक एवढाच की तुमच्याकडे मजुराला गरज असायची आणि खातं निवांत असायचं, इथे उलटं आहे, इथे हॉस्पिटल अडलेलं असतं.

का अडलेलं असतं ते सांगते. मी आत्ता आहे ते मोंटानाच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या बॉर्डरजवळ, ग्लासगोच्या आसपास. गावाचं नाव लिहीत नाही, एवढ्या छोट्या गावात कुणाला काय झालंय ते सगळ्यांना कळतं. ग्लासगोची वस्तीच तीन हजारांच्या थोडी वर, आणि २०१८ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हिशोब करून या ग्लासगोला अमेरिकेतलं सगळ्यात आडबाजूचं गाव ठरवलं होतं, म्हणजे कुठल्याही मोठ्या शहरापासून साडेचार तासांवर. लोकांना त्याचा राग नाही, उलट मिरवतात. अशा भागातल्या छोट्या हॉस्पिटलांना सरकारने १९९७ च्या कायद्याने एक वेगळा दर्जा दिलाय, जास्तीत जास्त २५ बेड ठेवायचे, पेशंट सरासरी ९६ तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत, आणि त्या बदल्यात मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, त्यांना खर्चाच्या हिशोबाने पैसे देतं, म्हणून ती जगतात. पण पैसे आले तरी डॉक्टर कुठून आणणार? थंडीत उणे तीसला कोण बायकापोरं घेऊन येतंय इथे. एक डॉक्टर रिटायर झाला किंवा कोणाचं बाळंतपण निघालं की आठवडेच्या आठवडे रिकामे पडतात, आणि ते आम्ही भरतो. सात दिवस, रोज बारा तास, रात्री फोन आला तर उठायचं. तासाला दीडशे ते दोनशे डॉलरच्या आसपास मिळतात, वर विमान, हॉटेल, गाडी सगळं त्यांच्या खर्चाने. इथे असताना माझा स्वतःचा खर्च म्हणजे फक्त चहापावडर, आणि ती पण आईनेच दिलेली आहे.

दादा विचारत होता की मग हे आधीच का नाही केलंस. अरे शक्यच नव्हतं. आधी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, मग जे-वन व्हिसावर ट्रेनिंग केलेल्यांना असतात तशी तीन वर्षं खेड्यातल्या नोकरीची, ती एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, आणि एच-वनवर माणूस एकाच मालकाला बांधलेला असतो, आज इथे उद्या तिथे असं चालत नाही. भारतात जन्म झालेल्यांची ग्रीन कार्डची रांग तर तुम्हाला माहितीच आहे, माझे केस पिकले त्या रांगेत. कार्ड हातात आलं आणि मग वर्षभरात कायमची नोकरी सोडली, ते तुम्हाला अविचारी वाटलं, पण मी तो विचार कितीतरी वर्षं करत होते, फक्त बोलत नव्हते, कारण बोलले असते तर तुम्ही तेव्हापासूनच गॅलरीत जायला लागला असतात.

त्या नोकरीत रजा किती मिळायची आठवतंय ना. मावशी गेली तेव्हा मी बाराव्यालाच पोचले होते. दिवाळीला यायचं म्हणजे वर्षभर आधी अर्ज, त्यात माझ्या आधी ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांचा नंबर. आता मी कॅलेंडर उघडते आणि आधी माझे आठवडे खोडते, गणपती, दिवाळी, तुमचा मोतीबिंदू, आणि मधे जिथे फिरायला जायचंय ते, आणि मग उरलेले आठवडे एजन्सीला विकते. यातली गंमत सांगते. ख्रिसमस, न्यू इयर, थँक्सगिव्हिंग, या दिवसांत इथल्या प्रत्येक डॉक्टरला घरी राहायचं असतं, त्यामुळे तेव्हाचा रेट चढा मिळतो. मला ख्रिसमसचं काय? मी आनंदाने त्यांचा सण सांभाळते आणि माझी दिवाळी मोकळी ठेवते. उन्हाळ्यात शाळांना सुट्टी, तेव्हा पण तसंच, जुलै-ऑगस्ट भरपूर काम. यंदा अधिक महिना आलाय म्हणून गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे माझ्यासाठी तर एकदमच सोयीचं, सगळा उन्हाळा काम करून यायचं.

आता पैशाचं, कारण अप्पा तुमचा खरा प्रश्न तोच आहे. माझा टॅक्स कोणी कापत नाही, पूर्ण रक्कम हातात येते, आणि तिथेच लोक फसतात. मी प्रत्येक चेकमधला एक तृतीयांशाहून जास्त भाग लगेच वेगळ्या खात्यात टाकते, त्याला हात लावायचा नाही, आणि वर्षातून चारदा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला सरकारला भरते. नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा अर्धा वाटा मालक देतो, इथे मालक मीच असल्यामुळे दोन्ही वाटे माझ्या अंगावर, १५.३ टक्के. स्वतःच्या आजारपणाचा विमा पण स्वतःच घ्यायचा आणि तो महाग आहे, अगदी चावतो. पेन्शन नाही पण रिटायरमेंटचं खातं मी स्वतः काढलंय आणि त्यात नोकरीत टाकायचे त्यापेक्षा जास्त टाकता येतात. पेशंटने केस केली तर काय, हे तुम्ही विचारणार, तो विमा एजन्सी देते आणि मी गेल्यावर दोन वर्षांनी कोणी केस केली तरी तो लागू आहे का हे मी करारात बघूनच सही करते. करार वाचायची सवय तुमचीच आहे, टेंडरची कागदं रात्री बारापर्यंत वाचायचात.

आई, तू विचारलंस की घरी नसतेस तर शिकागोच्या घराचं भाडं कशाला भरतेस. त्याला पण टॅक्सचंच कारण आहे. इथल्या कायद्यात माणसाचं एक मुक्कामाचं ठिकाण असावं लागतं, ते असेल तर कामासाठीचं हॉटेल आणि विमान यावर टॅक्स नाही, ते नसेल तर तुम्ही भटके, मग सगळं उत्पन्नात धरतात. आणि एकाच ठिकाणी वर्षाच्या वर काम केलं तरी ती सवलत जाते. थोडक्यात सरकार म्हणतं की फिर, पण घर ठेवून फिर. तू पण तेच म्हणतेस.

वाईट काय ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल ही फक्त कौतुकच सांगते. एकदा एका ठिकाणचं काम ऐनवेळी रद्द झालं, त्यांना कायमचा डॉक्टर मिळाला, करारात तीस दिवसांची नोटीस होती त्यामुळे थोडेफार पैसे मिळाले पण तो महिना कोरडा गेला. प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटरची वेगळी सिस्टीम, पहिल्या दिवशी एक्स-रे कुठे दिसतो हे नर्सला विचारावं लागतं, आणि खरं तर अशा हॉस्पिटलात नर्सच सगळं असते, कुठल्या शेतकऱ्याची बायको गाडी चालवत नाही, कोणाला घरी पाठवलं तर बर्फात अडकेल, हे तिला पाठ असतं. गेल्या आठवड्यात बर्फाचं वादळ होतं, एका आजोबांना बिलिंग्जला हलवायचं होतं, साडेचारशे किलोमीटर, विमान उडत नाही, रस्ता बंद, तर रात्रभर मी, एक नर्स आणि फोनवरचा बिलिंग्जचा हार्ट स्पेशालिस्ट. पहाटे आभाळ उघडलं आणि ते गेले. आणि पुढे काय झालं ते मला माहीत नाही. हे मला सगळ्यात खटकतं या कामात, पेशंट बरा झाला का नाही ते कळतच नाही, पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या गावात असते. कायमच्या नोकरीत पेशंट दोन वर्षांनी टोमॅटो घेऊन भेटायला यायचे, ते गेलं.

कागदपत्रांचा व्याप तर विचारू नका. मोंटाना आणि बरीच राज्यं मिळून एक करार आहे, २०१७ पासून त्यातून लायसन्स लवकर मिळतात, त्याचे ७०० डॉलर भरायचे आणि वर प्रत्येक राज्याची फी वेगळी. झोपेच्या आणि जोरदार दुखण्याच्या गोळ्या लिहायला वेगळं रजिस्ट्रेशन, तीन वर्षांचे ८८८ डॉलर. हे सगळं झालं तरी प्रत्येक हॉस्पिटल परत पहिल्यापासून तपासतं, मिरजेच्या कॉलेजपासून, त्यात दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून जुलैचं काम मी आत्ताच ठरवतेय.

आणि फिरणं. आई मला भटकभवानी म्हणते ते मान्य. काम संपलं की मला घरी सोडायचं तिकीट एजन्सी काढते, पण ते शिकागोचंच हवं असा नियम नाही, तेवढ्याच पैशात दुसरीकडचं होत असेल तर ते पण देतात, आणि माझ्या नावावर साठलेले विमानाचे आणि हॉटेलचे पॉइंट वेगळेच. गेल्या वेळी इथून थेट मेक्सिकोला गेले, ओआहाकाला. आपला पासपोर्ट भारतीय असला तरी ग्रीन कार्ड दाखवलं की तिथे व्हिसा लागत नाही. आई, तुला सांगायचं राहिलंच, तिथे बायका खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात मका शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी साल चोळून धुतात आणि मग दळतात. त्याशिवाय पीठ चिकटच होत नाही, म्हणून आपली मक्याची भाकरी थापताना तुटते आणि त्यांची कागदासारखी पातळ निघते. मी एका बाईंच्या शेजारी बसून बघितलं, हात धुऊन एक थापली पण, ती त्यांनी गपचूप बाजूला ठेवली. चुना किती घालायचा ते विचारून आलेय, आले की करून बघू. नाकतोडे भाजून तिखटमीठ लावून विकतात ते मात्र नाही खाल्ले.

अप्पा, तुमच्यासाठी इथलं धरण. फोर्ट पेक, मिसुरी नदीवर, १९३३ ला सुरू करून १९४० ला पूर्ण, पूर्ण मातीचं, साडेसहा किलोमीटरच्या जवळपास लांब. तुम्ही धोमवर होतात तेव्हा माती थराथराने टाकून रोलर फिरवायचे ना, इथे नदीतला गाळ ड्रेजरने उपसून पाइपातून पाण्यासकट वर सोडला, पाणी निथळलं की माती बसते. सप्टेंबर १९३८ मध्ये पाण्याच्या बाजूचा मोठा तुकडा घसरला, आठ माणसं गेली, त्यातले सहा जण सापडलेच नाहीत, अजून धरणातच आहेत. पायाखालचा शेल खडक कच्चा होता की भरावाचीच माती पाण्याने पातळ झाली, यावर तेव्हाच्या तज्ज्ञांमध्ये पण एकमत नव्हतं. मी सुट्टीच्या दुपारी गाडी घेऊन गेले, वारा असा की दार उघडेना. उतारावरच्या दगडी पिचिंगचे फोटो काढलेत तुमच्यासाठी, दादाच्या व्हॉट्सअपवर टाकलेत, दगड नीट बसवलेत का ते बघून सांगा.

लोकांनी विचारलं तर सांगा की मुलगी बदलीवर असते. तुमच्या खात्यातल्या माणसांना ते लगेच कळेल. बदलीची ऑर्डर मीच काढते एवढं सांगू नका.

आता कामाचं. मी २५ मेला पोचते, जवळजवळ महिनाभर आहे. मोतीबिंदूची तारीख त्या नंतरच्या आठवड्यात घ्या, उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये हे आईच्या डोक्यातून काढा, आता त्याचा काही संबंध राहिलेला नाही. शुगर आधी करून घ्या आणि रिपोर्ट मला पाठवा, रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. आई, अधिक महिना १५ जूनपर्यंत आहे, जावई तर नाही, तेव्हा अनारशांचं वाण मलाच दे, पीठ आत्तापासून घालू नकोस. दादा, गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात माझं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आहे, अप्पांनी लॅमिनेट केलेलं, ते दोन्ही बाजूंनी स्कॅन करून या आठवड्यात मेल कर, जुलैच्या हॉस्पिटलने मागितलंय. मोबाईलने फोटो काढू नकोस, चमकतं, मागच्या वेळी परत पाठवलं त्यांनी. वहिनीला आणि पिल्लूला पापा.

तुमची,
ताई