डोंग्यातल्या जागेसाठी आभार, भाऊ-वहिनींना

भाऊ, वहिनी, नमस्कार.

नाव लिहीत नाही. ‘नाव-गिव नका टाकू जी, मच्छीमार सोसायटीतले पोट्टे चिडवतात,’ असं तुम्हीच म्हणालात. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. आपल्या तलावावर दोन डोंगे (छोट्या होड्या) एकमेकांना बांधून चालवणारं दुसरं जोडपं आहे कुठं?

पोळ्याला बहिणीची पोरं पुण्याहून आली होती. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवून झाले, बोजारा (खाऊ-पैसे) मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तशी दोघं मोबाइलला चिकटली. भाचा अलास्काचा व्हिडिओ बघत होता. तिथं केचिकान नावाच्या बंदरात, बेरिंग समुद्रात खेकडे धरण्यात आयुष्य घालवलेले मच्छीमार आता आपल्याच बोटीवर प्रवासी बसवून फिरवतात. बोटीवर यारी, रिकामाच तीन-साडेतीनशे किलोचा लोखंडी पिंजरा, आणि त्यातून निघणारा परातीएवढा खेकडा. ‘मामा, आपल्या तलावात मिळते का अशी बोट?’

मी हसून टाळलं. खरं सांगायचं तर डोंग्यात मी जन्मात बसलो नव्हतो. आमचं घर पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तलाव पाहतोय तो पाळीवरून. पाणी किती आलं, तुडूम (पाणी सोडायचं दार) कधी उघडायचा, धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचेल की नाही, इतकंच पाहतो. पूर्व विदर्भात असे मालगुजारी (जुन्या जमीनदारीतले) तलाव ६,५०० हून जास्त आहेत, कोहळी समाजानं बांधलेले, हे मी शाळेत पोरांना घडाघडा शिकवतो. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली नि तलाव सरकारजमा झाले, तेही शिकवतो. पण आत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

पानठेल्यावर तुम्हाला भीतभीतच विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘सकाळी पाचला या. जाळे उचलाले जातोच आमी. पोट्ट्यायले काही खाऊ घालून आना, उपाशीपोटी चक्कर येते.’ बस, एवढंच. ना भाव, ना उपकाराची भाषा.

सकाळी वहिनींनी काय केलं ते मी शाळेतही सांगितलं. तेलाचे रिकामे, पाच-पाच लिटरचे डबे, झाकण घट्ट लावलेले. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं एकेका पोराच्या पाठीला दोन-दोन बांधले आणि गाठ स्वतः ओढून पाहिली. मी विचारलं, मला? ‘तुमाले कायले? तुमी बुडले त तुडूम कोन उघडंल?’ तुम्ही दोघं हसलात. मीही हसलो, पण ते लागलं बरोबर जागी.

आत गेल्यावर पाळ मागं राहिली. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत होते, काठावरून मला ते नुसते ठिपके दिसायचे. पोरांनी आवाज केला की तुम्ही बल्ली (डोंगा ढकलायची काठी) थांबवायचात, रागवायचात नाही. पहिल्या जाळ्यात दोन रोहू, एक मरळ, आणि तिसऱ्यात तो खेकडा. जाळं फाडून अडकलेला. तुम्ही एक शिवी घातलीत (पोरांनी ती पाठ केली आहे, बहिणीला सांगितलेलं नाही) आणि धागा न तोडता दोन मिनिटांत सोडवलात.

मग तो उलटा केलात. पोटाखालची घडी बोटानं दाखवलीत: अरुंद, टोकदार असली की नर, रुंद असली की मादी. ती मादी होती. नखानं घडी जराशी उचललीत तर आत पिल्लं! हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान, पण प्रत्येकाला पाय, प्रत्येकाला नांग्या, सगळी एकमेकांवर चढत होती. समुद्रातल्या खेकड्याची अळी पाण्यात वाहत मोठी होते, गोड्या पाण्यातली आई मात्र पोरं तयार करूनच बाहेर सोडते, हे मी वाचलेलं होतं. पाहिलं तेव्हा बोलायला सुचलं नाही. भाचा म्हणाला, अलास्कातही मादी परत टाकतात, नियम आहे. तुम्ही ‘असन’ म्हणालात आणि तिला कडेच्या गवतात सोडून दिलंत.

भाचीचं बोट दुसऱ्या खेकड्यानं धरलं तेव्हा माझे हातपाय गळाले. मी ओढायला निघालो होतो. वहिनींनी माझा हात बाजूला सारला आणि पोरीचा हात खेकड्यासकट पाण्यात धरला. त्यानं आपणहून सोडलं. ‘ओढलं का तो आनखी दाबते,’ एवढंच बोलल्या. बोटाला खूण राहिली, ती ती मैत्रिणींना दाखवते आहे.

परतताना मधोमध तुम्ही बल्ली उभी टेकवलीत. पाणी पार वरपर्यंत. मग कमरेला हात लावून म्हणालात, ‘दिवाळीले इथं एवढंच रायते. माशाची बोटुकली सारी इथं गोळा होते, बगळे अन् आमी संगच येतो.’ पाणी कोणाच्या धानाला जातं म्हणून, ते बोलला नाहीत. माझ्या वडिलांनी भर ग्रामसभेत ‘धान पिकलं त गाव जगते, मासोळीनं काय होते?’ असं म्हटलं तेव्हा तुम्ही दाराशीच उभे होतात, मला आठवतं. मीही तेव्हा टाळी वाजवली होती. तुम्हाला ते आठवत नसेल असं मला वाटत नाही. तरी माझ्या भाच्यांना समोरच्या, चांगल्या जागेवर बसवलंत.

काठावर पाचशेची नोट पुढं केली तर वहिनींनी हात मागं घेतला. ‘फिरवाचे पैसे नाही घेत. खेकडे न्याचे असन त भाव द्या.’ बाजाराच्या भावानं दहा घेतले, वर एक तुम्ही टाकलात. आईनं बारीक पाय वाटून, गाळून रस्सा केला. वडिलांनी दोन वाट्या घेतल्या आणि कुठले खेकडे विचारलं. सांगितलं. काही बोलले नाहीत, तिसरी वाटी मागितली.

तुडूम उघडायची बैठक यंदा लागेल तेव्हा तुम्हाला निरोप देईन. दाराशी उभं राहायचं नाही, आत माझ्याजवळ बसायचं.

आणि वहिनी, चारातले दोन डबे पोट्ट्यानं बॅगेत घालून पुण्याला नेले. कबूल करतो आहे. तेल संपलं की दोन धुऊन आणून देतो.

तुमचा,
पाळीखालचा मास्तर