कुंथणं सोडल्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तुझा आवाज एकदम बारीक झाला. "चार-चार दिवस पोट साफ होत नाही रे," असं म्हणालास आणि मी काही बोलायच्या आत विषय बदललास. मीही तो बदलू दिला, आणि फोन ठेवल्यापासून तेच मनाला लागून राहिलंय. कारण असा विषय मी स्वतः अकरा वर्षं बदलत आलो होतो. तुझ्यासमोरसुद्धा. म्हणून आज सगळं लिहून काढतोय, लाज बाजूला ठेवून.

माझं काय व्हायचं ते आधी सांगतो. सकाळी चाळीस-पन्नास मिनिटं आत बसायचं, कपाळाच्या शिरा तटतटेपर्यंत कुंथायचं आणि हाती लागायचे दोन-चार कडक खडे. बाहेर आलो तरी अजून आत काहीतरी अडकून आहे ही भावना दिवसभर जायची नाही. पोट फुगलेलं, भूक मेलेली. पुढे गुदद्वाराला चीर पडली. मग दुखेल या भीतीने कळ आली तरी मी दाबून ठेवायला लागलो. मळ जितका जास्त वेळ मोठ्या आतड्यात पडून राहतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो आणखी कडक. त्या चक्रात मी वर्षानुवर्षं फिरत होतो.

डॉक्टरांकडे गेलो नाही असं नाही. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल लावला: पाणी भरपूर प्या, कोंडा खा, चाला. मी तिन्ही गोष्टी इमाने इतबारे केल्या आणि पोट जास्तच फुगलं. चूक माझीच, माझीच शिस्त कमी पडते, असं मला वाटत राहिलं. या एका समजुतीने माझी सगळ्यात जास्त वर्षं खाल्ली, म्हणून तुला कळकळीने सांगतोय: बद्धकोष्ठता हा एकच आजार नाही. कोणाचं आतडंच मंद चालतं. कोणाचं आतडं व्यवस्थित चालतं, पण शेवटचं दार उघडत नाही. कोणाला ती एखाद्या औषधामुळे होते. उपाय त्या त्या प्रकाराचा असतो, आणि दार उघडत नसताना नुसता चोथा वाढवला तर आत गर्दी तेवढी वाढते.

माझं दार उघडत नव्हतं. ते कळलं एका तपासणीत. डाव्या कुशीवर झोपवून गुदाशयात एक बारीक नळी घालतात आणि तिथल्या स्नायूंचा दाब मोजतात. नंतर साधारण पन्नास मिलिलिटर पाणी भरलेला छोटा फुगा आत ठेवतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. बहुतेकांना मिनिट-दोन मिनिटांत जमतं. मला जमलंच नाही. घाम फुटेपर्यंत जोर केला तरी फुगा जागचा हलला नाही.

गुदाशयाला मागून वेढा घालणारा एक स्नायू असतो. एरवी तो गुदाशय पुढे ओढून वाकवून ठेवतो, त्यामुळे आपला ताबा राहतो. शौचाच्या वेळी तो सैल पडायला हवा. मी कुंथलो की माझा तो स्नायू उलट आवळला जायचा. म्हणजे एका हाताने दार ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताने तेच ढकलायचं. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं. अकरा वर्षं मी ज्याला प्रयत्न म्हणत होतो तोच अडथळा होता.

त्यावरचा इलाज म्हणजे बायोफीडबॅक. तीच नळी, पण समोर पडदा आणि पडद्यावर स्नायूंचा दाब दाखवणारी एक रेघ. मी जोर केला की रेघ वर चढायची, खाली यायला हवी असताना. शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणायच्या, "श्वास पोटात घ्या, पोट पुढे येऊ द्या, आणि खालचं नुसतं सोडून द्या." तिसऱ्या वेळी ती रेघ पहिल्यांदा खाली उतरली. कसं सोडलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण अंगाला कळलं. सहा वेळा गेलो, घरी रोज सराव केला.

तुझं तसंच असेल असं मी म्हणत नाही. उलट मला आठवतंय, तू गेल्या काही महिन्यांपासून लोहाच्या गोळ्या घेतोस. त्यांनी मळ घट्ट होतो. कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, अफूवर्गातली वेदनाशामकं, नैराश्यावरची काही औषधं, यांनीही होतो. डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखव, स्वतःहून काही बंद करू नकोस. थायरॉइडची रक्ततपासणीही विचारून घे, तो मंदावला की आतडंही मंदावतं.

जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहून ठेव: कधी झालं, किती कुंथावं लागलं, मळ कसा होता. 1997 साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता त्याला फार उपयोगी पडतो. त्यात सात प्रकार आहेत, 1 म्हणजे सुटे कडक खडे, 7 म्हणजे निव्वळ पाणी, आणि 3-4 चांगले. "मला 1 होतंय" एवढं म्हटलं की बोलणं किती सोपं होतं! आणि रोज झालंच पाहिजे हे डोक्यातून काढ. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या मधलं सगळं सामान्य धरतात.

तोवर एवढं कर. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घे, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ देत, कोपरं मांडीवर ठेवून जरा पुढे वाक. तो वाकलेला मार्ग त्याने सरळ होतो. सकाळी खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत बस, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं. दहा मिनिटांत झालं नाही तर उठ. फोन बाहेर ठेव. आणि कळ आली की हातातलं काम टाकून जा.

इसबगोल घेणार असशील तर थोड्यापासून सुरू कर, आठवड्या-आठवड्याने वाढव, आणि दर वेळी भरपूर पाण्याबरोबर घे. कमी पाण्यात तो घशातच फुगून अडकू शकतो. नुसतं जास्त पाणी पिऊन मात्र फारसं काही होत नाही, मुळात कमी पीत असशील तरच फरक पडतो. मला सर्वांत जास्त साथ दिली ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीने. ती मळात पाणी धरून ठेवते, परिणामाला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी निराश होऊ नकोस. रेचकांची सवय लागून आतडं कायमचं निकामी होतं ही भीती मलाही होती. नेहमीच्या मात्रेत त्याला भक्कम पुरावा नाही. फक्त मात्रा डॉक्टरांनी ठरवू दे.

एका बाबतीत मात्र वाट बघू नकोस. मळात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, किंवा जवळच्या नात्यात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना लगेच सांग. लोहाच्या गोळ्या रक्त कमी म्हणून दिल्या असतील तर ते का कमी झालं हेही विचार. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि वाराही सरत नसेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठ.

मी आता पूर्ण बरा आहे का? नाही. प्रवासात, जागरणात, ताणात माझा एखादा आठवडा अजून बिघडतो. तेव्हा पावडरीची मात्रा डॉक्टरांनी सांगितलीय तेवढी वाढवतो, स्टूल घेतो, श्वास पोटात घेतो. कुंथत नाही.

डॉक्टरांची वेळ घे आणि मला कळव. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर मी येतो, बाहेर बसून राहीन. आणि वही आजपासूनच सुरू कर.

तुझाच,
जुना मित्र