सीएसआरचा पैसा मार्चमध्येच का धावतो?

महोदय,

आर्थिक वर्ष संपत आले की कंपन्यांच्या सीएसआर (कॉर्पोरेट सामाजिक जबाबदारी) विभागांतून सामाजिक संस्थांना फोन जाऊ लागतात : एवढी रक्कम उरली आहे, ३१ मार्चच्या आत वापराल का? मग शाळेला टॅब, गावाला पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र अशी बिल हातोहात मिळणारी खरेदी होते. यंत्राचा मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायची वेळ आली की पैसे कुणाकडेच नसतात. ग्रामपंचायतीकडे नाहीत, संस्थेकडेही नाहीत. यंत्र बंद पडते.

याचे खापर कायद्यावर फोडले जाते, ते चूक आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे असतात. पण संचालक मंडळाने बहुवर्षीय म्हणून मान्य केलेला प्रकल्प त्या वर्षी सुरू झाला असेल, तर त्याची उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत बँकेतल्या स्वतंत्र ‘अनस्पेंट’ (खर्च न झालेल्या रकमेच्या) खात्यात टाकावी लागते आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. देखभाल, गावातल्या माणसांचे प्रशिक्षण, सुटे भाग हे सारे त्यात बसते. असा प्रकल्प नसेल तर मात्र उरलेला पैसा ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या निधीत भरावा लागतो. ती वेळ येऊ नये म्हणूनच मार्चची पळापळ.

म्हणजे सीएसआर व्यवस्थापकाचे खरे काम एप्रिल-मेमध्ये असते. वार्षिक कृती आराखडा कंपनीच्या सीएसआर समितीपुढे तेव्हाच जायला हवा. संस्थेचा सीएसआर-१ (सीएसआरची कामे करण्यासाठीचा सरकारी) नोंदणी क्रमांक, प्राप्तिकर सवलतीची १२ए व ८०जी प्रमाणपत्रे, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तपासायचे. प्रत्यक्ष गावात जाऊन सद्यःस्थितीची नोंद करायची. मगच करार, आणि पैसे टप्प्याटप्प्याने. या साऱ्याला तीन-चार महिने सहज लागतात. फेब्रुवारीत फाइल उघडली, तर यातली निम्मी कामे कागदावरच होतात.

आणखी एक गैरसमज फार नुकसान करतो. प्रशासकीय खर्चावरील ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागासाठी आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. तरीही अनेक व्यवस्थापक संस्थेच्या अंदाजपत्रकातील क्षेत्र कार्यकर्त्यांचे पगार त्याच ५ टक्क्यांत कोंबतात. आरोग्याच्या किंवा शिक्षणाच्या प्रकल्पात माणूस हाच मुख्य खर्च. तोच कापला की उरतात ती उपकरणे आणि उद्घाटनाचे फोटो.

परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन कायद्याने बंधनकारक आहे, पण ते सरासरी १० कोटी वा अधिक सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांच्या किमान १ कोटीच्या प्रकल्पांपुरतेच. बाकीच्या कंपन्यांना एवढे तरी करता येईल : व्यवस्थापकाच्या वार्षिक मूल्यांकनात ‘किती टक्के खर्च झाला’ याच्या शेजारी ‘गेल्या वर्षी दिलेले काय काय आज चालू आहे’ असा रकाना घालावा, आणि तो भरण्यासाठी लागणारा प्रवासखर्च मंजूर करावा.

– एक वाचक, नाशिक