देवाला माय म्हटलं तं काय बिघडते?

मा. संपादक,

इंग्लंडच्या चर्चमध्ये देवाला 'तो', 'पिता' असंच म्हणत राहायचं का यावर २०२३ मध्ये चर्चा निघाली, तेव्हापासून आमच्या इकडच्या काही वडीलधाऱ्यांची मोठी सोय झाली. बाईनं प्रार्थनेत देवाला माय म्हटलं की 'हे विलायती फॅड इथं नको' म्हणून तिला गप्प करायचं. मागं एका घरगुती प्रार्थनेत सोयाबीन हातचं गेलेली बाई रडत रडत 'माय, आता तूच पाहाय' म्हणाली तं मधातच टोकलं तिले. प्रार्थना चालू असताना टोकते काय कोणी?

मी काही सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, शिकलेली नाही, पण बायबल आमच्याही घरी आहे. यशया ६६:१३ उघडा, आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन असं देव स्वतःच म्हणते. (आमच्या वऱ्हाडीत बाप बी 'म्हणते' आणि माय बी 'म्हणते', तेवढं भांडण तं आधीच मिटलेलं.) येशूनं यरुशलेमसाठी हळहळताना पिल्लं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला, कोंबड्याचा नाही.

आणि बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय. त्यात हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळ्या पुत्र अशा तीन गोष्टी लागोपाठ आहेत. मेंढपाळ म्हणजे देव, पोराची वाट पाहणारा बाप म्हणजे देव, हे संडेस्कूलच्या लेकरालेही पाठ आहे, पण मधातली बाई कोणाले दिसतच नाही. दहातलं एक नाणं हरवलं म्हणून ती दिवा लावते, घर झाडते, कोपरा न् कोपरा पाहते, आणि सापडलं की शेजारणी गोळा करून आनंद करते. मेंढपाळ देव आहे तं मग ही कोण? प्रवचनात तिची पाळी आली की दोन वाक्यात आटोपते. कॅलेंडरवर मेंढपाळ दरवर्षी छापून येते, झाडू घेतलेली बाई मी तं अजून पाहिली नाही.

राहिलं विलायतीचं. नागपूरहून राजनांदगावला जाताना ज्यांच्या हाती रेल्वेत नवा करार आला आणि १८९५ मध्ये ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते मराठी कवी ना. वा. टिळक ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून गेले, त्यांचीच भजनं आपण दर रविवारी गातो. त्याच्या कितीतरी आधी आपल्या रिद्धपूरला लोक महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंना राऊळ माय, राऊळ बाप म्हणत. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते ती पंढरीच्या माउलीकडंच. यात इंग्लंड कुठून आलं? आणि कॅथलिक मंडळींसाठी सांगते, पोप जॉन पॉल पहिले १९७८ मध्ये म्हणाले होते की देव पिता आहे, त्याहून जास्त तो माता आहे.

प्रभूची प्रार्थना बदला असं कोणीच म्हणत नाही. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' येशूनंच शिकवलं, बाप्तिस्म्याचे शब्दही आहेत तसेच राहू द्या. पण ज्या लेकराचा बाप रोज पिऊन येऊन मारझोड करते, त्याले पिता म्हटल्यावर काय आठवत असन? कोणी म्हणते अशालाच चांगल्या बापाची गरज जास्त, तेही खरं आहे, पण मग कोणाले काय हाक मारू वाटते ते ज्याचं त्याले ठरवू द्या ना.

पाळक साहेबांना एकच विनंती, पुढच्या वेळी लूक १५ घ्याल तं पूर्ण प्रवचन त्या नाणेवाल्या बाईवर होऊ द्या, आणि बोलायला मंडळीतल्याच एखाद्या बाईला उभं करा.

- एक वाचक भगिनी, ता. अचलपूर, जि. अमरावती