कोपरापर्यंत हात धुणाऱ्या दादांना

दादा, तुमचं नाव कुठं लिहायचं नाही ही तुमची अट पाळतो. पण आभार मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हता.

माझी आई कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे पूर्वीच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, ३४ वर्षं सिस्टर होती. तिची ट्रंक कुठल्या तरी संग्रहालयात जपली जावी म्हणून ती घेऊन मी वर्षभर फिरलो. आत पांढरी टोपी, पट्ट्याचं बक्कल, काचेच्या सिरिंजा, त्या उकळायचा डबा, किडनी ट्रे. एका ठिकाणी साहेबांनी ट्रंक उघडूच दिली नाही. ‘ऐतिहासिक काही आहे काय? तलवार, नाणी?’ दुसरीकडं ‘ठेवून जा, बघू’ म्हणाले. दोन महिन्यांनी गेलो तर ट्रंक जिन्याखाली, वर झाडू आणि बादली. आई सोबत होती. तिनं पदरानं ट्रंक पुसली, म्हणाली, ‘चल, रिक्षा बघ.’

ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली पोसायडनची ब्राँझमूर्ती याच गावानं टाऊन हॉलच्या संग्रहालयात जपली आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, तोही कोल्हापुरात! तलवारी, तोफा, तालमी, सगळ्याचा इतिहास आम्हाला तोंडपाठ. वॉर्डातल्या नाइट ड्यूटीचा मात्र कुणी विचारत नाही.

मग संग्रहालयाकडून तुम्ही घरी आलात आणि ट्रंकेकडं न बघता आधी विचारलंत, ‘हात कुठं धुऊ?’ मोरीत उभं राहून कोपरापर्यंत धुतलेत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. पूर्ण कोरडे होईपर्यंत कशालाही शिवला नाहीत. आई खुर्चीतून टक लावून बघत होती. हळूच मला म्हणाली, ‘ह्याला कुणीतरी नीट शिकवलंय.’ तिच्या तोंडून एवढं कौतुक मी दहावीतही ऐकलं नव्हतं. जुन्या टोपीसाठी कुणी हात धुतो, यातच तिला सगळं पोचलं.

मग ती बोलत सुटली. तुम्ही गंजलेल्या टाचण्या काढल्यात, चिकट झालेली रबरी नळी कापडापासून सोडवलीत, आणि मध्येच सांगितलंत की लंडनच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल संग्रहालयातला तिचा दिवा चित्रातल्यासारखा नाही, घडीचा तुर्की कंदील आहे. आई म्हणाली, ‘म्हणजे आम्ही नर्सिंगची शपथ चुकीच्या दिव्यावर घेतली होय?’ किती दिवसांनी हसली ती.

भांडण फक्त कांजीवरून झालं. कांजीवर कसर येते, कडक घडीवर कापड तुटतं, टोपी धुऊनच ठेवावी लागेल, असं तुम्ही म्हणालात. आईनं ऐकून घेतलं, पण धुवायला तुमच्या हातात दिली नाही. स्वतः धुतली. जन्मात पहिल्यांदा बिनकांजीची.

आता ती टोपी तुमच्या काचेच्या पेटीत आहे, मऊ, घडीत कागदाच्या सुरळ्या घालून. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आई बराच वेळ तिच्यासमोर उभी होती. निघताना एवढंच म्हणाली, ‘मेट्रननं बघितली तर घरी पाठवेल मला.’