उडवायला जागा द्याल, तर दुरुस्तीलाही द्या : सार्वजनिक मैदानांच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
सार्वजनिक मैदाने, उद्याने व मोकळ्या जागा

विषय : रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांसाठी उड्डाणाच्या जागेबरोबर दुरुस्तीची व तपासणीची जागा मिळण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

सार्वजनिक मैदानांच्या वापराचे नियम लिहिताना रेडिओ-नियंत्रित विमानांचा विचार बहुतेक वेळा एका ओळीत आटोपला जातो. उडवण्यास मनाई आहे, किंवा फार तर अमुक वेळेत परवानगी आहे, एवढेच त्या ओळीत असते. ते विमान जमिनीवर असताना कोठे तपासले जाते आणि आदळल्यानंतर कोठे उघडून पुन्हा जोडले जाते, याबद्दल नियम काहीच सांगत नाहीत. सांगितलेच तर मैदानात अवजारे, गोंद व बॅटऱ्या आणू नयेत, एवढेच सांगतात. माझी विनंती नेमकी या जागी आहे. ज्या मैदानावर आपण मॉडेल विमान उडवू द्याल, त्याच मैदानाच्या कडेला ते दुरुस्त करण्याची आणि तपासण्याची जागाही नियमात लिहून द्यावी, कारण हे विमान लोकांच्या डोक्यावरून सुरक्षित जाणार की नाही, हे मोठ्या प्रमाणात ते जमिनीवर असतानाच ठरते.

ज्यांना या विमानांची भीती वाटते त्यांची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. एक किलो वजनाचे विमान ताशी 54 किलोमीटर वेगाने येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 112 जूल असते. ताशी 108 किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा 70 जूलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. विमान ओढणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) हिशेब तर आणखी वेगळा आहे. दहा इंची पंखा मिनिटाला 9000 फेरे घेतो तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे 430 किलोमीटर वेगाने फिरत असते. म्हणून बॅटरी जोडताना हात पंख्याच्या कक्षेत ठेवायचा नाही, ही या छंदातली पहिली शिकवण असते. जे यंत्र एवढी ऊर्जा बाळगते त्यासाठी नियम हवेतच. प्रश्न फक्त नियमांचा रोख कशावर असावा, हा आहे.

सरसकट बंदीने हा धोका नाहीसा होत नाही, तो नजरेआड जातो. ज्याला मैदान मिळत नाही तो माणूस गच्चीवरून, रस्त्याच्या कडेच्या पडीक जमिनीवरून किंवा अगदी पहाटे कोणी नसताना एकट्याने विमान उडवतो. त्याच्या शेजारी दुसरा विमानचालक नसतो, त्यामुळे त्याच्या विमानाचा एलेरॉन (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) उलटा हलतो आहे किंवा त्याची बॅटरी फुगली आहे, हे पाहणारे कोणी नसते. परवानगी देताना आपण लोकांना विमानाजवळ आणतो अशी समजूत असते, पण परवानगीने पहिल्यांदा जवळ येतात ते विमानचालक एकमेकांच्या, आणि सुरक्षिततेची सुरुवात तिथून होते.

विमान आदळते म्हणजे नेमके काय होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण नियम लिहिणाऱ्यांना हा भाग सहसा पाहायला मिळत नाही. फोमच्या विमानाचे नाक चेपते, पंख मधोमध दुमडतो, मोटर ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेली असते ती सैल होते. एवढे डोळ्यांना दिसते आणि गोंद लावून ते पाच-दहा मिनिटांत जोडताही येते. खरी काळजी न दिसणाऱ्या गोष्टींची असते. सर्वोच्या (एलेरॉनसारखे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) आतल्या बारीक गिअरचा एखादा दाता तुटलेला असतो आणि तो सर्वो निम्म्या अंतरापर्यंत नीट फिरून पुढे घसरतो. विमानातल्या रिसीव्हरची (रेडिओ संदेश पकडणाऱ्या यंत्राची) अँटेना उचकटलेली असते, त्यामुळे विमान जवळ असताना सर्व काही ठीक वाटते आणि ते दूर गेल्यावर संपर्क तुटतो. पंख्याला केसाएवढी चीर गेलेली असते आणि पूर्ण वेगात त्याचा तुकडा उडतो. सर्वो बदलला असेल, तर नव्या सर्वोची दिशा उलटी असू शकते. अशा वेळी हातातल्या ट्रान्समीटरची (रेडिओ नियंत्रकाची) स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन वर जायला हवा, तो खाली जातो, आणि विमान हातातून सुटताच चालकाला हवे त्याच्या विरुद्ध बाजूला कलंडते.

यात वजनाचाही प्रश्न असतो. नेहमीच्या घडणीच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण 25 ते 30 टक्क्यांवर असावा लागतो. शेपटीची दुरुस्ती करताना गोंद, पट्ट्या आणि टेप मिळून दहा ग्रॅम वाढले आणि ती जागा गुरुत्वमध्यापासून 60 सेंटिमीटर मागे असेल, तर 20 सेंटिमीटर पुढे असलेल्या नाकात तीस ग्रॅम घातल्याशिवाय तोल परत येत नाही. तो न साधता सोडलेले विमान नाक वर उचलते, वेग गमावते आणि जिथे असेल तिथे पडते. पाहणाऱ्याला वाटते की चालक अनाडी होता. वास्तविक ते विमान दुरुस्तीच्या टेबलावरच बिघडलेले होते.

हे सगळे घरी करून यावे, असे उत्तर मला अनेकदा ऐकायला मिळते. जोडणीचे बरेचसे काम घरी होते आणि तसेच व्हावे, हे मला मान्य आहे. परंतु दुरुस्त केलेल्या विमानाची तपासणी घरात पुरी होत नाही. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून साधारण 30 मीटर अंतरावरून सर्व नियंत्रणे चालतात का ते पाहायचे, ट्रान्समीटर बंद केल्यावर फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटताच आपोआप चालणारा बंदोबस्त, मोटर थांबवतो का ते पाहायचे, विमान घट्ट धरून मोटर पूर्ण वेगाने फिरवून काही सैल होते का ते पाहायचे, या तिन्ही गोष्टींना मोकळी जागा आणि मदतीला दुसरा माणूस लागतो. मैदानावर टेबल नसेल तर ही तपासणी गवतात, घाईत, गुडघ्यांवर विमान धरून होते आणि त्यातली निम्मी राहून जाते. मैदानात अवजारे आणण्याला बंदी असेल तर ती मुळीच होत नाही, आणि सैल स्क्रूचे विमान 'बघू एकदा' म्हणून आकाशात जाते. अशा नियमाने मैदान स्वच्छ राहत असेल, पण सुरक्षित राहत नाही.

बॅटरीविषयी मात्र मी कडक नियमाच्या बाजूने आहे. या विमानांत बहुधा लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या असतात. त्यांच्या एका सेलचा सरासरी विद्युतदाब 3.7 व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावरचा 4.2 व्होल्ट असतो. त्याहून जास्त भरलेली, आदळून चेपलेली किंवा भोक पडलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि ती लगेच पेटेलच असे नसते, काही वेळ शांत राहूनही पेटते. म्हणून अपघातातली बॅटरी विमानातून काढून, माणसांपासून आणि कोरड्या गवतापासून दूर, वाळूवर किंवा धातूच्या पेटीत ठेवून तिच्यावर लक्ष ठेवायचे असते. चार्जिंग कधीही एकटे सोडायचे नसते. मैदानाच्या कडेला वाळूची एक पेटी असावी आणि बॅटरी उघड्या गवतावर ठेवण्यास व कचराकुंडीत टाकण्यास स्पष्ट मनाई असावी. हा नियम आपण केलात तर जबाबदार विमानचालक आपल्याला धन्यवादच देतील.

आता इतरांच्या हक्काविषयी. मैदान धावणाऱ्यांचे, खेळणाऱ्या मुलांचे, बाकावर बसणाऱ्या वृद्धांचे आणि कुत्री फिरवणाऱ्यांचेही आहे. छोट्या उद्यानात, जिथे मुलांचे झोपाळे आणि पायवाटा एकमेकांना लागून असतात, तिथे ही विमाने उडवू देऊ नयेत, आणि या बाबतीत आमच्यापैकी कोणी आग्रह धरला तरी तो मानू नये. सेकंदाला 12 मीटर जाणारे विमान 50 मीटर अंतर चार सेकंदांच्या आसपास कापते. तेवढ्या वेळात धावत आलेल्या मुलाला कोणी थांबवू शकत नाही. मोठ्या मैदानावर मात्र एक रेषा आखता येते. विमानचालक त्या रेषेवर ओळीने उभे राहतात, विमाने सदैव रेषेच्या पुढच्या बाजूला राहतात आणि प्रेक्षक, वाहने, दुरुस्तीचे टेबल हे सारे रेषेच्या मागे असते. कोणी मैदानात शिरले की 'मैदानात माणूस' अशी हाक जाते आणि उतरू शकणारी विमाने उतरवली जातात. सकाळी लवकर वारा कमी असतो आणि वर्दळही कमी असते, त्यामुळे ती वेळ दोघांनाही सोयीची पडते. पक्ष्यांच्या विणीच्या काळात घरट्यांजवळचा भाग बंद ठेवावा आणि आवाज करणाऱ्या इंजिनांऐवजी विजेवर चालणारी विमानेच उडवू द्यावीत, अशा अटी कोणी घातल्या तर त्या वाजवी आहेत.

पूर्वी अशा जागांवर आणखी एक शिस्त असे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्समीटर सुरू झाले की विमान हमखास कोसळे, म्हणून मैदानावर एक फळी टांगलेली असे आणि ज्याने आपल्या फ्रिक्वेन्सीची खूण तिथून उचलली असेल त्यालाच ट्रान्समीटर सुरू करता येई. या शतकाच्या पहिल्या दशकात 2.4 गिगाहर्ट्झचे संच रुळले, ते स्वतःच मोकळी फ्रिक्वेन्सी शोधू लागले आणि त्या फळीची गरज उरली नाही. तंत्राच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. पण त्या फळीपाशी लोक एकमेकांना भेटत, एकमेकांची विमाने पाहत, आणि तेही तिच्याबरोबर गेले. दुरुस्तीच्या टेबलाला मी जे महत्त्व देतो त्याचे हेही एक कारण आहे. नवशिक्याला पुस्तकातून न कळणाऱ्या गोष्टी तिथे दुसऱ्याच्या हाताकडे पाहून कळतात. साधा सुपरग्लू पॉलिस्टायरीनच्या फोमला विरघळवतो, ही त्यातलीच एक.

कायद्याच्या अंगाने आपल्याला सुरुवातीपासून काही घडवावे लागणार नाही. युरोपीय संघाच्या 2019/947 या नियमावलीतील कलम 16 मॉडेल विमानांच्या क्लबांना आणि संघटनांना वेगळी अधिकृत मान्यता देण्याची तरतूद करते. अमेरिकेत छंद म्हणून उडवणाऱ्यांसाठी नागरी संघटनांच्या सुरक्षा-नियमांना कायद्यात स्थान आहे, आणि ओळख प्रसारित करणारे यंत्र नसलेली विमाने उडवता यावीत म्हणून ठरावीक जागांना तिथली विमानवाहतूक संस्था मान्यता देते. या दोन्ही व्यवस्थांनी छंदाची विमाने आणि व्यावसायिक ड्रोन यांत फरक केला आहे, आणि शिस्तीचा काही भाग संघटित विमानचालकांवर सोपवला आहे. तोच भरवसा मैदानाच्या पातळीवर दाखवावा, एवढेच माझे मागणे आहे.

'खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला', असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेलच. ऑगस्ट 2003 मध्ये मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले पाच किलोपेक्षा कमी वजनाचे मॉडेल विमान न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे 39 तासांत अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरले. आधीचे प्रयत्न फसले होते आणि प्रत्येक वेळी विमान सुधारून नवे केले गेले होते. अशी माणसे तयार होण्यासाठी मोडलेले विमान हातात घेऊन बसण्याची आणि दुसऱ्याला ते दाखवण्याची जागा लागते.

म्हणून नियमात पुढील गोष्टी असाव्यात. योग्य आकाराच्या मोठ्या मैदानावर आखलेली रेषा आणि ठरलेल्या वेळा असाव्यात, रेषेमागे सावलीत एक पक्के टेबल आणि शेजारी वाळूची पेटी असावी, आणि दुरुस्त केलेले प्रत्येक विमान उडण्याआधी दुसऱ्या विमानचालकाने तपासून नोंदवहीत सही करावी. तीच नोंदवही अपघातांचीही असावी, म्हणजे काय मोडले, का मोडले आणि कसे जोडले हे लेखी राहील. पावसाळ्यात व थंडीत हेच काम शाळेच्या किंवा वाचनालयाच्या रिकाम्या खोलीत चालू शकते, फक्त तिथे बॅटरी भरण्यास मनाई असावी. एक मैदान एका हंगामासाठी प्रायोगिक तत्त्वावर द्यावे. टेबल आणि पेटी आम्ही स्वतः आणू, आणि हंगामाच्या शेवटी नोंदवही आपल्या कार्यालयात जमा करू. त्यातल्या नोंदी वाचून आपण पुढचा निर्णय घ्यावा.

आपला विश्वासू,
एक मॉडेल विमानचालक