पावसाळ्यातल्या माझ्या माणसांना थँक्यू

आषाढी झाली की आमचा लग्नाच्या फोटोंचा धंदा जो बसतो तो तुळशीचं लग्न लागेपर्यंत, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे कॅमेऱ्याचा वैरीच, लेन्सला एकदा बुरशी धरली की संपलं. म्हणून यंदा घरीच ड्राय बॉक्स केला, म्हणजे कॅमेरा-लेन्स कोरड्या ठेवायची घट्ट बंद पेटी. शहापुरातल्या ज्या सुतारमामांनी उरलेले प्लायचे तुकडे फुकट दिले आणि दाराला रबराची पट्टी कशी बसवायची ते उकिडवं बसून दाखवलं, त्यांना पहिला नमस्कार. लॅबमधल्या दोस्ताने सांगितलं, आत ओल शोषायला ठेवलेले सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवायचे, परत निळे होतात (त्या तव्यावर भाकरी टाकायची नाही, आईला हे दोनदा सांगावं लागलं). आता आत ओलावा ४५ ते ५० टक्के, मी उगाचच मीटर बघत बसतो.

भर पावसात वर चढून कौलं सारखी केलेली गल्लीतली पोरं चहाशिवाय काही घ्यायला तयार नव्हती. समोरच्या अक्कांनी कन्नड अक्षरं गिरवून घेतली, बोलायला येतंच होतं की, पण आता पत्रिकेवरचा मुहूर्तही मीच वाचतो. आणि कॅमेरा घरीच ठेव असा दम देऊन मला जांबोटीच्या जंगलात नेलेल्या मित्रांनो, तुम्हाला काय बोलू, खूप दिवसांनी नुसतं डोळ्यांनी बघितलं.

बॉक्समध्ये एक खण रिकामा आहे, कुणाची लेन्स ठेवायची असेल तर बिनधास्त आणून द्या.